वनमानुषाचे अरण्य आणि आपली तेलाची बुधली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे. – संपादक)



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावे लागते, शेतमजुराला वर्षातून चार महिने काम मिळत नाही, आणि आपण बोलावयाचे ते कशाविषयी, तर समुद्रापलीकडच्या बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवरील एका कपीविषयी! हा वेळेचा अपव्यय नव्हे काय, असा प्रश्न कोणी केला तर तो उद्धटपणाचा मानण्याचे कारण नाही. उलट तो विचारलाच पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचाच आज प्रयत्न करावयाचा आहे. सोयाबीनचा पडलेला भाव आणि ओरांगउटानचे तुटलेले अरण्य या दोन वेगवेगळ्या गोष्टी नसून एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत, असे मला म्हणावयाचे आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे वन. मलय भाषेतला हा शब्द आणि आपल्या मराठीतला ‘वनमानुष’ हा शब्द यांचा अर्थ तंतोतंत एकच आहे. गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे मानवाचे इतर निकटचे आप्त आफ्रिकेत राहतात. आशिया खंडात या थोर कपींपैकी एकटा ओरांगउटानच उरला आहे. त्याच्या तीन जाती आज मानल्या जातात : बोर्निओतील, सुमात्रातील आणि सुमात्रातच बातांग तोरूच्या डोंगराळ प्रदेशातील तापानुली ओरांगउटान. ही तिसरी जात शास्त्रज्ञांनी स्वतंत्र म्हणून ओळखली ती २०१७ साली. आणि ओळखली तेव्हाच तिची संख्या आठशेच्या आत होती. तिन्ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात मोडतात. त्यानंतरची पायरी अरण्यातून नामशेष होण्याची आहे.

आकड्यांविषयी एकच गोष्ट सांगतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या शास्त्रीय पाहणीचा निष्कर्ष असा की १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एकट्या बोर्निओत एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले. बोर्निओत आज उरलेल्यांचा अंदाजही एक लाखाच्या आसपासचा आहे, आणि सुमात्रात तर चौदा हजारांच्या आसपासचा.

उरलेले एक लाख म्हणजे पुष्कळ आहेत, असे कोणाला वाटेल. परंतु या प्राण्याचे जीवनचक्र ध्यानात घेतले तर तो भ्रम टिकत नाही. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा एका पिलाला जन्म देते. पिलू सहा-सात वर्षे आईच्या सोबत राहते. कोणते फळ केव्हा पिकते, कोणती साल खावी, झोपण्यासाठी फांद्या वाकवून रोज संध्याकाळी माचाण कसे बांधावे, हे सारे तिच्याकडून शिकते. म्हणजे येथे केवळ रक्ताचा वारसा नाही, विद्येचाही आहे. २०२२ साली सुमात्रातील सुआक बालिंबिंग येथे संशोधकांनी राकुस नावाच्या एका नराला गालावरील जखमेवर एका औषधी वेलीची पाने चावून त्यांचा रस लावताना पाहिले; त्याच वेलीचा उपयोग तेथील माणसेही औषधासाठी करतात. अशा प्राण्याची प्रौढ मादी मारली जाते तेव्हा एका जीवाबरोबर एक शाळाही बंद पडते. आणि वर्षाला शंभर माद्यांपैकी एक जरी माणसाच्या हातून मेली, तरी ती संख्या हळूहळू उतरणीला लागते, असे अभ्यासकांचे गणित आहे.

एका समाजवाद्याची साक्ष

या प्राण्याची युरोपला नीट ओळख करून देणाऱ्यांपैकी एक होता आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनच्या बरोबरीने, परंतु स्वतंत्रपणे, नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा हा निसर्गशास्त्रज्ञ. १८५५ साली तो सारावाकमध्ये होता. संग्रहालयांसाठी नमुने गोळा करून त्यांच्या विक्रीवर त्याचा चरितार्थ चाले आणि त्यापायी त्याने डझनाहून अधिक ओरांगउटान बंदुकीने मारले. मारलेल्या एका मादीचे तान्हे पिलू त्याने स्वतः सांभाळले. त्याला भाताची पेज पाजली, न्हाऊ घातले. सुमारे तीन महिन्यांनी ते मेले. १८६९ साली आलेल्या ‘द मलय आर्किपेलॅगो’ या ग्रंथात त्याने हे सारे काही न लपविता लिहून ठेवले आहे.

वॉलेसची आठवण येथे काढण्याचे कारण निराळे आहे. त्याच ग्रंथात त्याने बजावले की सुधारलेला माणूस या दूरच्या अरण्यांत पोहोचला म्हणजे ज्या जीवांच्या सौंदर्याची कदर करण्यास तोच एकटा समर्थ आहे, त्यांचाच तो नाश करील. आणि सारी सृष्टी काही माणसासाठी निर्माण झालेली नाही. ग्रंथाच्या अखेरीस तो आणखी पुढे जातो आणि विचारतो की संपत्तीच्या शेजारी एवढे दारिद्र्य नांदविणाऱ्या आपल्या समाजाला सुधारलेला तरी कसे म्हणावे? हाच वॉलेस १८८१ साली जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि पुढे आपण समाजवादी असल्याचे त्याने जाहीर केले. निसर्गाचा प्रश्न आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न यांची सांगड त्याला घालावीशी वाटली. पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद आहे, असे आपल्या चळवळीत अजूनही कधीकधी ऐकू येते. त्या साथींनी वॉलेसचे चरित्र अवश्य वाचावे.

अरण्य कोणी तोडले?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘माणसाने अरण्य तोडले’ असे एक वाक्य नेहमी ऐकू येते. हे वाक्य खोटे नाही, परंतु निरुपयोगी आहे. कोणत्या माणसाने, कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या लाभासाठी तोडले, हे त्यात येत नाही.

तेलताड, म्हणजे ज्याला आपण पाम म्हणतो, हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. १८४८ साली त्याची चार रोपे डच सत्ताधाऱ्यांनी जावातील बोगोरच्या वनस्पती-उद्यानात लावली. त्यांच्याच वंशजांपासून १९११ च्या सुमारास सुमात्रात व्यापारी मळे उभे राहिले. तत्पूर्वीच त्या किनाऱ्यावर तंबाखूच्या मळ्यांसाठी चिनी आणि जावानी मजूर करारबंदीने आणले जात होते आणि १८८० च्या कुली-कायद्याने, करार मोडून मळा सोडणाऱ्या मजुराला शिक्षा देण्याची तरतूद केली होती. आपल्या आसामच्या चहामळ्यांची ही सख्खी भावंडे होत. जमीन साम्राज्याची, मजूर बांधलेला आणि माल परदेशी, ही मळ्याची घडण तेव्हापासूनची आहे.

इंडोनेशिया स्वतंत्र झाला तेव्हा या मळ्यांतील मजूर संघटित झाले होते. त्यांची संघटना देशातील बलाढ्य संघटनांपैकी एक होती, आणि शेतकऱ्यांची संघटना जमिनीच्या फेरवाटपाची मागणी करीत होती. १९६५-६६ च्या हत्याकांडात किमान पाच लाख माणसे मारली गेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांत कम्युनिस्ट होते, कामगार संघटनांचे कार्यकर्ते होते, जमीन मागणारे शेतकरी होते आणि कशातच नसलेलेही होते. त्या दहशतीनंतर लगेच, १९६७ साली, सुहार्तोंच्या राजवटीने दोन कायदे केले : एक परदेशी भांडवलाला दार उघडणारा आणि दुसरा अरण्ये राज्यसंस्थेच्या ताब्यात देणारा. हे दोन कायदे आणि त्याआधीचे हत्याकांड एकत्र वाचले पाहिजे. विरोध करू शकणारा प्रत्येक आवाज आधी बंद झाला आणि मग कुऱ्हाड चालली.

दयाक आणि इतर वनवासी जमातींची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी कागदावर सरकारी झाली आणि सुमारे सहा कोटी हेक्टर अरण्य तोडीच्या परवान्यांखाली गेले. हे परवाने सेनाधिकाऱ्यांना आणि राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांना मिळाले. प्लायवूडच्या धंद्याचे सम्राट बॉब हसन हे सुहार्तोंचे गोल्फमधील सोबती होते. पुढे ते मंत्रीही झाले, आणि सुहार्तो गेल्यानंतर, २००१ साली, वनक्षेत्राच्या नकाशांच्या कंत्राटातील अपहाराबद्दल त्यांना तुरुंगवास घडला.

या कारभाराचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे मध्य कालिमांतान येथील दहा लाख हेक्टरांची भातशेतीची योजना. १९९५ साली सुहार्तोंनी फर्मान काढले आणि अरण्याच्या दलदलीत चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. ही दलदल म्हणजे पीटची जमीन. हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता साठत जाऊन तिचे थर काही ठिकाणी दहा-दहा मीटर खोल झालेले असतात. पाणी आहे तोवर ती जमीन कार्बनचे कोठार असते. कालव्यांनी पाणी ओढून घेतले की तीच जमीन सरपण होते. भात पिकला नाही. १९९७-९८ च्या दुष्काळात आग मात्र पिकली. ती भूमीखाली धुमसत राहते, वरून पाणी ओतून विझत नाही. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे ९७ लाख हेक्टर क्षेत्र जळाले असा अंदाज आहे. १९९९ साली योजना रद्द झाली. लाकूड तेवढे विकले गेले होते. आणि पुन्हा २०१५ साली सुमारे २६ लाख हेक्टर जळाले. जागतिक बँकेने इंडोनेशियाचे नुकसान १,६०० कोटी डॉलरांचे ठरविले. त्या धुरात श्वास घेणारी मुले आणि जळत्या झाडांवरून खाली उतरून वस्तीकडे पळणारे ओरांगउटान एकाच योजनेचे बळी होते.

लाकूड संपले तेथे तेलताड आला. आज इंडोनेशियात सुमारे १.६ कोटी हेक्टर जमीन तेलताडाखाली आहे. आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून हे अधिक होते. एकाच झाडाच्या सरळ रांगांच्या त्या मळ्यात ओरांगउटानला वर्षभर पुरेल असे फळ नाही आणि ज्यावरून चालत जावे असे फांद्यांचे छत नाही. भुकेने तो कोवळे कोंब खातो आणि मळ्याच्या हिशेबात उपद्रवी जनावर ठरतो.

सोपी उत्तरे पुरत नाहीत

येथवर ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल की पामतेलावर बहिष्कार घाला म्हणजे झाले. मला हे उत्तर मान्य नाही, आणि त्याची कारणे स्पष्टपणे सांगितली पाहिजेत.

पहिले कारण शेतीचे आहे. एका हेक्टर तेलताडातून सरासरी तीन ते चार टन तेल निघते. सोयाबीनच्या एका हेक्टरातून निघणाऱ्या तेलाच्या ते कितीतरी पट आहे. तेवढेच तेल सोयाबीनपासून काढावयाचे ठरले तर कितीतरी अधिक जमीन लागेल, आणि ती ब्राझीलच्या अरण्यातून येणार नाही याची हमी कोण देणार? झाड गुन्हेगार नाही. ते कोणत्या जमिनीवर, कोणाची संमती घेऊन लावले, हा प्रश्न आहे.

दुसरे कारण माणसांचे आहे. इंडोनेशियातील तेलताडाखालील सुमारे चाळीस टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांचे आहे. त्यांनी कंपन्यांइतकाच अपराध केला, असे मी म्हणणार नाही. मळ्यांवरील मजुरांची स्थिती २०१६ साली अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने उजेडात आणली. अशक्यप्राय उद्दिष्ट पुरे करण्यासाठी आई-बापांना हाताशी मुले घ्यावी लागतात; विषारी औषधे फवारण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असते, आणि त्यांना कायम केले जात नाही. तोडणाऱ्याच्या हातात कोयता आहे, म्हणून अरण्य त्यानेच खाल्ले असे मानणे म्हणजे गिरणी कामगाराला गिरणीचा मालक समजणे होय.

तिसरी गोष्ट आपल्याला अप्रिय असली तरी बोलली पाहिजे. ओरांगउटानचा ऱ्हास केवळ अरण्यतोडीने झालेला नाही. २०१८ च्या ज्या पाहणीचा उल्लेख मी केला तिच्यात असे आढळले की ऱ्हासाचा वेग तोडलेल्या भागात सर्वाधिक असला, तरी संख्येने अधिक प्राणी उभ्या अरण्यातूनच नाहीसे झाले. म्हणजे ते मारले गेले : मांसासाठी, पिकाच्या रक्षणासाठी, भीतीपोटी, किंवा पिलू विकता यावे म्हणून. या मारणाऱ्यांत गावकरीही आहेत. गरीब माणूस करतो ते सारे निर्दोष असते, अशी भाबडी भूमिका आपण घेऊ नये. परंतु तोडीसाठी रस्ता गेल्यावाचून बंदूक अरण्याच्या पोटात जात नाही, आणि ज्याची शिकारीची व फळांची भूमी मळ्याने गिळली त्याचे आणि ओरांगउटानचे भांडण एकाच फणसाच्या झाडावर येऊन ठेपते, हेही विसरता कामा नये.

पिलांना वाचविणाऱ्या आश्रमांचे कार्यही मी कमी लेखत नाही. मलेशियात सेपिलोक येथे १९६४ पासून आणि मध्य कालिमांतानमध्ये न्यारू मेंतेंग येथे १९९९ पासून अनाथ पिलांना पुन्हा अरण्यात राहण्याचे शिक्षण देतात. बिरुते गाल्दिकास या विदुषीने १९७१ साली तांजुंग पुतिंगच्या दलदलीत तळ ठोकला आणि या प्राण्याच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. परंतु पूर आलेल्या नदीतून माणसे बाहेर काढणे आणि धरणाचे दरवाजे कोण उघडतो आहे हे पाहणे, या दोन निराळ्या कामगिऱ्या आहेत. दुसरी राजकीय आहे, म्हणून ती आपली आहे.

धागा आपल्या घरापर्यंत

जगात पामतेलाची सर्वांत मोठी आयात करणारा देश भारत आहे. साधारणतः वर्षाला ७५ ते ९५ लाख टन पामतेल आपण आणतो, आणि त्यातील मोठा भाग इंडोनेशिया व मलेशिया यांच्याकडून येतो. हे तेल वनस्पती तुपात आहे, बिस्किटांत आहे, फरसाणात आहे, साबणात आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला त्यात रवा, साखर आणि चणाडाळ यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते. ज्या बाईने त्या तेलात करंज्या तळल्या तिला अपराधी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्यापुढे स्वस्त तेल एकच ठेवले गेले होते.

ते एकच का ठेवले गेले? १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्वदीच्या आरंभी खाद्यतेलाच्या बाबतीत आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. त्यानंतर १९९४ पासून आयातीची दारे उघडली गेली आणि शेंगदाणा, करडई, तीळ पिकविणारा कोरडवाहू शेतकरी मलाक्काच्या पलीकडच्या मळ्यांशी स्पर्धेत उभा केला गेला. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात करडईचे पिवळे-केशरी पट्टे दिसत, ते आता शोधावे लागतात. आजही आयातशुल्काचा झोका कसा चालतो पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर उतरविले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना आपल्या बाजार समित्यांत काय भाव मिळाला, हे मी आपल्याला सांगावयास नको. कालिमांतानच्या दयाकाची जमीन फुकटात घेतली गेली, मजुराला अपुरी मजुरी दिली, ओरांगउटानच्या अरण्याची किंमत शून्य धरली. म्हणून ते तेल स्वस्त झाले. तेच स्वस्त तेल लातूरच्या शेतकऱ्याचा भाव पाडते. आरंभी मी ज्या एका व्यवहाराची दोन टोके म्हणालो तो हा व्यवहार होय.

यावर सरकारने काढलेला उपाय अधिक चिंतेचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान मंजूर झाले. आणखी साडेसहा लाख हेक्टरांवर लागवड करावयाची, आणि त्यातील जवळजवळ निम्मी, म्हणजे ३.२८ लाख हेक्टर, ईशान्य भारतात. आयात घटविण्याचा हेतू वाईट नाही. परंतु ईशान्येचे डोंगर म्हणजे रिकामी जमीन नव्हे. तेथे आदिवासींची सामूहिक मालकीची अरण्ये आहेत आणि तेथेच भारतातील एकमेव कपी, हूलॉक गिबन, राहतो. तोही फांद्यांच्या छतावरूनच फिरतो. छत तुटले की त्याचा कळप बेटावर अडकतो. शिवाय तेलताडाचे घड तोडल्यापासून एक-दोन दिवसांत गिरणीत पोहोचले नाहीत तर तेल बिघडते. म्हणजे परिसरात जी एक गिरणी असेल तिच्या दारात शेतकरी बांधला जातो. उसाची झोनबंदी ज्यांनी भोगली आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आशेला जागा कोठे आहे?

केवळ विलापाने अभ्यासवर्ग संपवू नये. काही गोष्टी घडल्या आहेत आणि त्या लढ्याने घडल्या आहेत. २०११ साली इंडोनेशियाने मूळ अरण्यांवर आणि पीटच्या जमिनींवर नवे परवाने देणे थांबविले. २०१९ साली ही बंदी कायम केली. २०१६ नंतर तेथील अरण्यतोडीचा वेग पूर्वीच्या मानाने बराच उतरला. आचेह प्रांतातील त्रिपा या दलदलीच्या अरण्यात आगी लावणाऱ्या एका कंपनीला २०१४ साली न्यायालयाने ३६,६०० कोटी रुपिया भरण्याचा हुकूम केला आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

सर्वांत महत्त्वाचा निकाल मे २०१३ चा. वनवासी जमातींच्या संघटनेने, १९९९ साली स्थापन झालेल्या ‘आमान’ने, दावा लावला होता, आणि घटना-न्यायालयाने सांगितले की परंपरागत जमातींची अरण्ये ही सरकारी अरण्ये नव्हेत. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली मिळविलेल्या सामूहिक वनहक्काने जे तत्त्व मांडले तेच हे तत्त्व. पश्चिम कालिमांतानमधील सुंगाई उतिकच्या इबान दयाकांनी तोडीच्या कंपन्यांना वर्षानुवर्षे वेशीवरून परत पाठविले आणि २०२० साली सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांचे आपले अरण्य आपल्या नावावर करून घेतले. अशा निकालांची अंमलबजावणी मात्र रखडत चालली आहे, हे तेथेही खरे आहे आणि येथेही.

किंमतही दिली गेली आहे. बातांग तोरूच्या खोऱ्यात, तापानुली ओरांगउटानच्या उरल्यासुरल्या घरात, जलविद्युत प्रकल्प उभारला जाऊ लागला तेव्हा ‘वाल्ही’ या संस्थेचे वकील गोल्फ्रिद सिरेगार यांनी त्याच्या परवान्याला न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते रस्त्यावर जखमी अवस्थेत सापडले आणि मरण पावले. पोलिसांनी अपघात म्हटले. सहकाऱ्यांनी ते कधीच मानले नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस याच सुमात्रात अतिवृष्टी झाली, डोंगर खचले, पुरात ओंडके वाहत आले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. त्या पुराने बातांग तोरूचे डोंगरही सोडले नाहीत. डोंगरावरचे अरण्य राखणे म्हणजे खालच्या गावाचा जीव राखणे, हे त्या ओंडक्यांनी सांगितले.

याच्या उलट सत्तेची दृष्टी पाहा. मे २०२४ मध्ये मलेशियाच्या मंत्र्यांनी अशी कल्पना मांडली की चीनच्या पांडाप्रमाणे आपणही पामतेल घेणाऱ्या देशांना ओरांगउटान भेट द्यावेत, आणि त्या देशांत भारताचेही नाव होते. ज्याचे घर मोडले त्यालाच गिऱ्हाइकाला नजराणा म्हणून पाठवावयाचे! टीका झाली, आणि ऑगस्टमध्ये बेत बदलून प्राणी मलेशियातच ठेवण्याचे ठरले. लोकमत काहीच करू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

मग आपण काय करावयाचे? तीन कामे मला दिसतात. पहिले, तेलबियांना हमीभाव आणि त्या भावाने प्रत्यक्ष खरेदी, आणि आयातशुल्क शेतकऱ्याच्या हंगामाकडे पाहून ठरविणे, या मागण्या आपण बाजार समितीच्या दारात करतोच; त्यांत रेशनवर शेंगदाणा व करडईचे तेल मिळावे, ही मागणी जोडावी. म्हणजे उत्पादक आणि गरीब ग्राहक एकमेकांविरुद्ध उभे राहणार नाहीत. दुसरे, ईशान्येत आणि अंदमानात अरण्य वा सामूहिक भूमी मोडून तेलताड लावण्यास ठाम विरोध, आणि ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह. तिसरे, जे तेल आयात होईलच ते तोडलेल्या अरण्यातले आणि हिसकावलेल्या जमिनीवरचे नाही, याची जबाबदारी आयात करणाऱ्या बड्या व्यापारी घराण्यांवर कायद्याने टाकणे. युरोपीय संघाने असा कायदा २०२३ साली केला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली खरी, परंतु सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने तसे मागितले तर विक्रेत्याला ऐकावे लागते. ते गिऱ्हाईक आपण आहोत.

समाजवादाची आपली व्याख्या माणसाने माणसाचे शोषण करू नये येथून सुरू होते, आणि ती तेथूनच सुरू झाली पाहिजे. परंतु ज्या व्यवस्थेत मजुराच्या घामाला आणि आदिवासीच्या भूमीला किंमत नसते, त्याच व्यवस्थेत अरण्याला आणि त्यातील मुक्या जीवांनाही किंमत नसते. तिचा खातेवहीचा नियम एकच आहे. ओरांगउटान मत देत नाही, मोर्चा काढीत नाही, संप करीत नाही. म्हणूनच त्याच्या अरण्याचा प्रश्न संघटित माणसांच्या कार्यक्रमपत्रिकेवर असला पाहिजे. तो तेथे आणणे हे आपल्या पुढील जिल्हा बैठकीचे काम आहे.